मोहल्ल्याचे मंडळ आणि सभासदांची वही

(पालक मेळाव्यातील भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून मोहल्ल्याच्या मंडळाविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. शाळा पाच वाजता सुटते. त्यानंतर आपला विद्यार्थी जेथे बसून अभ्यास करतो ती अभ्यासिका शाळेची नसते, मोहल्ल्याच्या मंडळाची असते. दोन खोल्यांत सात माणसे राहत असतील, तर दहावीच्या मुलाला दिवा आणि शांतता देणारी तेवढी एकच जागा असते. अशी एक अभ्यासिका गेल्या वर्षी ऐन परीक्षेच्या तोंडावर बंद पडली. मंडळाचे नाव मी घेणार नाही. पैसे नव्हते असे नाही. बँकेच्या खात्यात पैसे होते. परंतु ज्या तिघांपैकी दोघांच्या सहीने पैसे निघावयाचे त्यांतील दोघे अल्लाला प्यारे झाले होते, आणि त्यांच्या जागी कोण आले याची कोणत्याही दप्तरात नोंद नव्हती. बँकेने ठराव मागितला, नोंदीचा कागद मागितला. इकडे विजेचे बिल थकले, जोडणी तुटली आणि दाराला कुलूप लागले. चंदा काढून बिल भरता आले असते, असे कोणी म्हणेल. शेवटी तसेच झाले. पण चंदा कोणाच्या हाती द्यावयाचा, या वादातच महिना गेला.

यात कोणी एक पैसा खाल्ला नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. आपल्याकडे कारभाराची चर्चा निघाली की लोकांना लगेच अफरातफर आठवते, आणि अफरातफर नाही असे कळले की चर्चा संपते. "हाजीसाहेब नेक माणूस आहेत, मग हिशेब कसला विचारता?" असे म्हणतात. हाजीसाहेब नेक आहेत, हे मलाही मान्य आहे. परंतु त्यांच्या नेकीवर चाललेला कारभार त्यांच्याबरोबरच कबरस्तानात जातो, त्याला इलाज काय?

आपली बहुतेक मंडळे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असतात, आणि महाराष्ट्रात त्याच वेळी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखालीही येतात. पहिला कायदा इंग्रजांच्या काळातला, लहानसा आहे. सात माणसे एकत्र आली की संस्था होते. दरवर्षी कार्यकारी मंडळाची यादी पाठवावी लागते. दुसऱ्या कायद्याप्रमाणे विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवावयाचे, हिशेबाच्या वह्या ठेवावयाच्या आणि त्या तपासून घ्यावयाच्या. वर सांगितलेल्या मंडळाने पहिल्या मृत्यूनंतर नव्वद दिवसांत एक अर्ज केला असता, तर पुढचे बरेचसे टळले असते.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्याच १८६० च्या कायद्यातील पंधरावे कलम. सभासद कोण, याचे उत्तर तेथे दिले आहे. नियमाप्रमाणे ज्याला दाखल करून घेतले आहे, आणि ज्याने वर्गणी भरली आहे किंवा सभासदांच्या यादीत सही केली आहे, तो सभासद. आणि ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे, त्याला मत नाही. सभेत त्याची गणतीही होत नाही.

आता हे कलम घेऊन आपल्या मोहल्ल्यात या. नियमावलीत वर्गणी लिहिलेली आहे, पण ती वर्षानुवर्षे कोणी मागितलेली नाही. खजिनदार सांगतात, "अहो सर, दहा-वीस रुपयांसाठी कोणाच्या दारी जाऊ? मोठा चंदा देणारे चार लोक आहेत ना!" त्यांचा हेतू चांगला आहे, दारोदार फिरण्याचा त्रास वाचतो, गरिबावर ओझे पडत नाही. परंतु परिणाम पाहा. वर्गणी घेतली नाही म्हणून थकली. थकली म्हणून मत गेले. आणि ज्यांच्या नावावर पावती फाटते ते चार जण तेवढे सभासद उरले. मंडळ त्यांनी बळकावले नाही, आपण ते त्यांच्या पदरात टाकले. म्हणून माझे म्हणणे असे की सुधारणेची सुरुवात निवडणुकीपासून करू नका, वहीपासून करा. वर्गणी अगदी थोडी ठेवा, पण प्रत्येकाकडून घ्या आणि हातात पावती द्या.

वहीत नावे कोणाची? येथे मतभेद होतात. भाडेकरूचे नाव नसते, कारण तो 'बाहेरचा'. पंधरा वर्षे राहणारा, ज्याची तीन मुले याच शाळेत शिकतात, तो बाहेरचा. आणि ज्याने घराला कुलूप लावून आखातात संसार मांडला तो आतला! तो चंदा पाठवतो, त्याबद्दल आपण ऋणी आहोत. पण गटार तुंबले की पाणी कोणाच्या घरात शिरते? घरमालक आणि भाडेकरू हा भेद मंडळाच्या वहीत असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्त्रियांची नावे तर विचारूच नका. एका मंडळाने मुलींसाठी अभ्यासिकेची वेगळी वेळ ठेवण्याचा चांगला ठराव केला. सभेला बारा पुरुष होते. वेळ ठरली रात्री आठ ते दहा. मुली आल्या नाहीत, तेव्हा "मुलींनाच गोडी नाही" असा शेरा पडला. एका खालाजानला विचारले असते तर तिने दुपारची वेळ सांगितली असती. ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा घेण्याची तरतूद महाराष्ट्राच्या पंचायत कायद्यात आहे. एकत्र बसण्यास संकोच असेल तर तसे करा, पण त्यांचे मत इतिवृत्तात लिहा आणि मोजा.

निवडणुकीला आपले लोक बिचकतात. घराघरांत वैर येईल, त्यापेक्षा 'एकमताने' बरे, असे म्हणतात. ही भीती खोटी नाही. अशी वैरे मी पाहिली आहेत. परंतु आपले एकमत कसे होते? बुजुर्गांपैकी एक जण नाव सांगतात, कोणी मान वर करीत नाही, आणि लिहिले जाते 'सर्वानुमते'. ज्याच्या मनात नाही तो पुढच्या सभेला येतच नाही. हात वर करावयाचा म्हणजे समोरच्याचा रोष. चिठ्ठीत तो नाही. वर्गप्रतिनिधी निवडताना आम्ही खडूच्या खोक्यात चिठ्ठ्या टाकतो. आठवीच्या मुलांना हे जमते, आणि ती मधल्या सुट्टीत पुन्हा एकत्र खेळतात.

मुदत तीन वर्षांची असावी आणि एका पदावर सलग दोन मुदतींपेक्षा अधिक कोणी राहू नये. यात बुजुर्गांचा अपमान होतो, असे मला वाटत नाही. सल्लागार म्हणून त्यांना मानाने जवळ बसवा, पण चेकवरची सही तरुणाला शिकू द्या. "तरुण पुढे येत नाहीत" ही तक्रार मी नेहमी ऐकतो, आणि ती थोडीफार खरी आहे. क्रिकेटच्या सामन्याला पन्नास जण जमतात, सभेला पाच. पण ज्याला कधी हिशेबाची वही दाखविली नाही, तो कशासाठी येईल?

हे सारे नियमावलीत घालावे लागेल. मंडळाचा उद्देश बदलावयाचा असेल तर कायदा तीन-पंचमांश मते मागतो, आणि महिन्याने दुसरी सभा घेऊन पुन्हा तितकीच. येथे उद्देश बदलावयाचा नाही, नियम बदलावयाचे आहेत, आणि त्याची रीत नियमावलीतच लिहिलेली असते. तेव्हा ती नियमावली सध्या कोणाच्या घरी, कोणत्या पेटीत आहे, हे प्रथम शोधा. सापडली की तिच्या प्रती काढून अभ्यासिकेच्या भिंतीवर लावा, शेजारी ३१ मार्चपर्यंतचा जमाखर्च लावा.

ज्यांच्या मोहल्ल्यात सभासदांची वही नाही त्यांच्यासाठी एक कोरी वही आखून बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे. नाव, घर, केव्हापासून राहता, वर्गणीची तारीख आणि सही, एवढेच रकाने आहेत. जाताना पाहून घ्या. आखणी पसंत पडली तर आमचे नववीचे विद्यार्थी तशाच आणखी आखून देतील.