श्वासाचे मोजमाप



डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीशेजारी राहणाऱ्यांना रात्रीच्या उग्र दर्पाचे वर्णन मी काय सांगावे? सकाळी तक्रार करावी, तर पहिला प्रश्न येतो, ‘किती होता?’ इथे आपण निरुत्तर होतो. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील ४३ अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत डोंबिवलीची गणना केली, हे खरे. परंतु तो गावाचा हिशेब झाला. रात्री डोंबिवलीत निजणारा माणूस दिवसा ठाण्यात, वाहनांच्या धुरात असतो. गच्चीवरचे मापनयंत्र काही त्याच्याबरोबर लोकलने जात नाही!

त्याच्याबरोबर जाते ते एक छोटे साधन. कमरेला लहानसा पंप, गळपट्टीशी बोटभर काचेची नळी, आणि नळीत काय, तर नारळाच्या करवंटीचा कोळसा! पुढे १०० मिलिग्रॅम, मागे ५०. बेंझीन, टोल्यूईन यांसारखी सेंद्रिय द्रव्ये (इथे शेणखत आठवू नये, रसायनशास्त्रात कार्बनी संयुगांचे हे नाव आहे) त्या कोळशाला चिकटतात. मागच्या कोळशातही ती बरीच सापडली, तर पुढचा भरून वाहिला असे समजून नमुना बाद करतात.

मात्र हे साधन मूळचे कारखान्यातले, आणि खरी गोम तिथेच आहे. मिनिटाला ५० मिलिलिटर हवा ओढली, तर आठ तासांत २४ लिटर होते. २००९ च्या मानकांत बेंझीनची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. तेवढे बेंझीन हवेत असले, तर नळीत येईल अवघे ०.१२ मायक्रोग्रॅम! नेहमीच्या रीतीत कोळसा एक मिलिलिटर कार्बन डायसल्फाइडमध्ये भिजवतात आणि त्याचा जेमतेम हजारावा भाग तपासयंत्रात सोडतात. मग अहवालात ‘आढळले नाही’ असे येते, आणि ते वाचून आपण निर्धास्त होतो. बाहेरच्या हवेसाठी वेगळी नळी वापरावी. ती तापवून सगळा ऐवज यंत्रात जातो. म्हणून अहवाल हाती आला की आधी विचारावे, ‘कमीत कमी किती असते तर दिसले असते?’

आणखी एक. दिवसभराची एकच नळी लावली, तर रात्रीचा तासाभराचा दर्प सरासरीत विरून जातो. दर्प सुरू होताच नवी नळी लावावी, वेळ आणि वाऱ्याची दिशा वहीत टिपावी, आणि एक नळी न वापरता तशीच बंद ठेवून बाकीच्यांबरोबर प्रयोगशाळेत धाडावी. तिच्यातही बेंझीन निघाले, तर ते आपल्या हवेतले नव्हे.