झाकून ठेवलेले ताट



रागावून घराबाहेर पडलेल्या मुलाचे ताट आई झाकून ठेवते. तो येईपर्यंत दाराला कडी घालीत नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायातील पिता ज्यास कळला नसेल, त्याने त्या आईकडे पाहावे.

त्या घरातही वाटणी झाली होती. धाकटा परतला, परंतु थोरला रुसून बाहेरच राहिला. पित्याने विनविल्यावर तो आत गेला किंवा नाही, हे प्रभूने सांगितले नाही. ते उत्तर आपणांस द्यावयाचे आहे.

बांधावरून ज्यांचे बोलणे तुटले आहे, त्यांनी आज रात्री रोझरीनंतर हा अध्याय मुलांबाळांसह वाचावा आणि उठून भावाचे दार ठोठवावे. तेव्हाच तो वाचून पुरा झाला असे समजावे.