घमेल्यांनी राखलेली धावपट्टी



 नाशिकला आलेल्या पाहुण्याला पंचवटी दाखवायची, हंगाम असेल तर द्राक्षांचा घड हातात ठेवायचा, हा इथला रिवाज. पण युद्धकाळात हवाई तळांवर राबलेल्या माणसांच्या आठवणी जागवायला जमलेल्या पाहुण्यांना आधी ओझरची गोष्ट सांगायला हवी. १९६४ साली तिथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. मिग-२१ विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी झाली. डिसेंबर १९७१च्या युद्धात ही विमाने झेपावली, तेव्हा ओझरच्या कामगारांची मेहनतही त्यांच्यासोबत आकाशात होती.

युद्धाच्या कथेत दिसतो तो वैमानिक. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या तळावर हल्ला चालू असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी आपले नॅट विमान उडवले, सेबर विमानांशी एकट्याने झुंज दिली आणि वीरमरण पत्करले. हवाई दलाला मिळालेले एकमेव परमवीरचक्र त्यांचे आहे. त्या नॅटमध्ये कोणी इंधन भरले होते, तोफांमध्ये गोळ्या कोणी चढवल्या होत्या? फिटर, आर्मरर, रेडिओवाले, अग्निशामक, हवामानाची नोंद ठेवणारे, पहाटे चहाची किटली घेऊन धावणारे लांगरी, अशा शेकडो माणसांच्या बळावर तळ चालतो. मानपत्रात त्यांना जागा सापडत नाही.

कच्छमधल्या भूजची हकीकत तर याहून वेगळी.

३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानने पश्चिमेकडच्या भारतीय तळांवर हल्ले करून युद्धाला तोंड फोडले. भूजवरही बॉम्ब पडू लागले. तळाची जबाबदारी होती स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक या मराठी अधिकाऱ्यावर. ८ डिसेंबरच्या रात्रीच्या हल्ल्यानंतर धावपट्टी वापरण्याजोगी उरली नाही. दुरुस्तीला मजूर हवे होते आणि तळावर मनुष्यबळ तुटपुंजे होते.

शेजारच्या माधापर गावाला साद गेली. सुमारे ३०० बायका निघाल्या. घरात लहान मुले होती, गोठ्यात जनावरे होती. मुले शेजारणीकडे सोपवून त्या ट्रकमध्ये चढल्या.

धावपट्टी दुरुस्त करायची म्हणजे नुसते खड्डे बुजवायचे नसतात. भराव नीट ठोकून बसवला नाही, तर वेगात धावणाऱ्या विमानाचे चाक त्यात रुतते. त्याहून वैरी असतो तो सुटा खडा. जेट इंजिन हवेबरोबर तोही आत ओढून घेते आणि आतली पाती मोडतात. म्हणून मलबा उचलायचा, भराव टाकायचा, काँक्रीट ओतायचे आणि शेवटी अंगण झाडावे तशी धावपट्टी स्वच्छ करायची. वरून दिसू नये म्हणून त्यांनी ती शेणाने सारवली. हिरव्या साड्या नेसायची सूचना होती, म्हणजे भोंगा वाजला की झुडपांत बसल्यावर ओळखू येणार नाही. पहिल्या दिवशी पोटात अन्न नव्हते. दुसऱ्या दिवशी जवळच्या मंदिरातून फळे आणि मिठाई आली. भोंगा वाजला की लपायचे, धोका टळल्याचा इशारा झाला की पुन्हा घमेले डोक्यावर घ्यायचे, असे ७२ तास चालले. चौथ्या दिवशी दुपारी ४ वाजता त्या पट्टीवरून विमान उडाले.

सारवणे, झाडणे, पाट्या वाहणे ही कामे या बायकांना रोजचीच होती. त्यांना कोणी प्रशिक्षण दिले नाही, वर्दी दिली नाही. त्या काळी वैद्यकीय आणि परिचर्या सेवा सोडल्या तर हवाई दलाच्या वर्दीत स्त्रिया नव्हत्याच. इतर शाखांत त्यांना अधिकारी म्हणून प्रवेश मिळाला तो १९९० च्या दशकात. माधापरच्या बायका आल्या तशाच परतल्या. पुढे बक्षिसाची ५०,००० रुपयांची रक्कम मिळाली, ती गावाच्या सभागृहासाठी गेली. त्यांचे स्मारक गावात उभे राहायला मात्र चार दशकांहून अधिक काळ लागला. २०२१ मध्ये या प्रसंगावर हिंदी चित्रपटही आला. चित्रपटाला नायक लागतो, तो त्याने घेतला. पण ३०० जणी पडद्यावर घोळका म्हणूनच दिसतात. पहिली भीती कोणती होती, रात्री झोप कुठे घेतली, परत गेल्यावर घरच्यांनी काय विचारले, हे ज्यांना सांगता येईल त्या आता वयाच्या उतरणीवर आहेत आणि दरवर्षी त्यांतल्या काही कमी होत आहेत.

हीच गोष्ट आपल्या घरांतही आहे. या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत भिंतीवर वर्दीतला एक फोटो असतो. आजोबा हवाई दलात होते एवढे नातवाला ठाऊक असते. कोणत्या तळावर, कोणत्या कामावर, हे विचारायचे राहून जाते. आजीने ब्लॅकआउटच्या रात्री खिडक्यांना काळा कागद लावून मुले कशी निजवली, हे तर कोणी विचारतच नाही. पराक्रमाच्या याद्या सरकारी दफ्तरात सुरक्षित आहेत. राबणुकीच्या नोंदी मात्र माणसांच्या आठवणीत आहेत, आणि त्या आठवणी माणसांबरोबरच जातात.

म्हणून स्वागत समितीने मंडपाच्या दाराशी, नोंदणीच्या टेबलाला लागून, एक जाड वही ठेवली आहे. १९६५ किंवा १९७१ मध्ये कोणत्याही हवाई तळावर, विमानाच्या कारखान्यात किंवा तळालगतच्या गावात ज्यांनी काम केले, त्यांनी अथवा त्यांच्या घरच्यांनी तीत गाव, काम, साल आणि आठवणारा एखादा प्रसंग लिहावा. ज्यांचा हात थरथरतो त्यांच्यासाठी महाविद्यालयातली मुले लेखणी घेऊन शेजारी बसली आहेत. सांगणाऱ्याचे शब्द बदलायचे नाहीत, अशी त्यांना ताकीद आहे. काल संध्याकाळी वही मांडताच पहिली नोंद झाली. ती लिहवून घेतली एका वृद्ध बाईंनी. त्यांचे यजमान तळावर ट्रक चालवत. नोंद चारच ओळींची आहे, आणि खाली त्यांचा अंगठा आहे.