छावणीचं झालं शहर

मुरबाड-शहापूरकडे लग्न ठरलं, की बस्ता बांधायला कितीतरी घरं 'कॅम्पात' जातात. कॅम्प म्हणजे उल्हासनगर. गजानन मार्केटात साड्यांच्या थप्प्या उलगडताना कुणाला आठवतं, की ही मूळची लष्कराची छावणी?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी कल्याणजवळ ही छावणी उभारली. युद्ध संपलं, पाठोपाठ फाळणी झाली, आणि रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसं उतरली. एकेका लांबलचक बराकीत मधे गोणपाटाचे पडदे, आणि पडद्याआड एकेक संसार! ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली, आणि शेजारच्या नदीचं नाव वस्तीला मिळालं. पण लष्करी खूण काही पुसली नाही. एक ते पाच हे कॅम्पांचे आकडे रिक्षावाल्याच्या तोंडी आजही आहेत आणि पत्त्यांत बराकींचे नंबरही.

नदीचं म्हणाल, तर ती आपलीच. मुरबाडची काळू, बारवी, शहापूरची भातसा, सगळ्यांचं पाणी शेवटी उल्हासलाच मिळतं. शहरातून वाहणाऱ्या वालधुनीचं मात्र सांडपाण्यानं गटार झालंय. त्या बाबतीत शहरालाही दोष द्यायला हवा. आणि पावसाळ्यात उल्हास फुगली, रायते पुलावर पाणी आलं, की कल्याण-मुरबाड रस्ता बंद. तेव्हा मुसळधार पावसात कॅम्पात खरेदीला निघण्याआधी पुलाची चौकशी तेवढी करा.