बोटीची बॅटरी उलटी जोडली गेली तर

भाटघर, नीरा देवघर, पानशेत या धरणांच्या फुगवट्यात मोटारबोट चालवणाऱ्यांसाठी ही माहिती.

घाईत बॅटरीच्या वायरी उलट्या लागल्या, ठिणगी उडाली, सगळं बंद पडलं, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. आधी ऋण, मग धन वायर सोडा. खुणा पुसल्या असतील तर लक्षात ठेवा, गोल खुंट्यांच्या बॅटरीत धन खुंटी जाड असते.

आता मुख्य फ्यूज बघा. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. तार गुंडाळू नका, आग लागते. मग धन आधी, ऋण शेवटी जोडा. दिवे, भोंगा, तळातलं पाणी उपसणारा पंप एकेक करून तपासा.

इंजिन बंद असताना भरलेल्या बॅटरीवर मल्टिमीटर 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवतो, इंजिन चालू झाल्यावर साधारण 14. आकडा चढलाच नाही, तर अल्टरनेटरचे डायोड जळाले असण्याची शक्यता मोठी. ते वीज एकाच दिशेने जाऊ देतात, म्हणून उलट्या जोडणीचा घाव बहुधा त्यांच्यावर बसतो. ते काम जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच द्या.

आणि उपसा पंप चालत नसेल, तर बोटीत एकही प्रवासी घेऊ नका.