विहीर, शेततळे आणि मुलांचे पोहणे



चैत्र-वैशाखात भर दुपारी परंडा तालुक्यातल्या कोणत्याही शिवारातून चाला. जिथं विहिरीला पाणी टिकून असेल, तिथून पोरांचा गलका कानावर येईल. कुणाच्या पाठीला वाळलेला भोपळा, कुणाच्या पाठीला पांगाऱ्याच्या लाकडाचा ओंडका, तर हल्ली प्लॅस्टिकचा रिकामा कॅन. पोहण्याची ही आपली शाळा. तिला फी नाही, हजेरीपट नाही. ती बंद व्हावी असे मी म्हणणार नाही, कारण पाण्याशेजारी राहणाऱ्याला पोहता आलेच पाहिजे. पण तिच्यातली एक जुनी रीत सोडायला हवी आणि एक नवा धडा तिच्यात घालायला हवा.

जुनी रीत म्हणजे मुलाला काठावरून ढकलून देणे. “पडलं की आपोआप हातपाय मारतं,” असे आपण म्हणतो. मारतं खरं, पण कसं? फुप्फुसात हवा भरलेली असली म्हणजे माणसाचे शरीर पाण्याहून किंचित हलके असते. ते तरंगते, पण बहुतेक सगळे पाण्याखाली राहून. घाबरलेले मूल हात आणि डोके वर काढू पाहते. जितके अंग पाण्याबाहेर, तितका पाण्याचा आधार कमी; म्हणून ते अधिकच खाली जाते. ढकललेल्या मुलाला पहिला धडा मिळतो तो भीतीचा, आणि भीती बरोबर उलटे शिकवते.

मग सुरुवात कुठून करावी? सहा वर्षांच्या पुढच्या मुलांना पोहणे शिकवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याहून लहानग्यांना आधी हवे ते कुंपण आणि मोठ्यांची नजर. जागा निवडावी ती पायऱ्यांच्या विहिरीची, किंवा तळ ठाऊक असलेल्या उथळ, संथ पाण्याची. धरणाच्या फुगवट्याचे पाणी शिकण्यासाठी नव्हे. पाणी मुलाच्या कमरेइतके असावे आणि पोहणारा मोठा माणूस त्याच्या खालच्या पायरीवर उभा असावा. पहिले काही दिवस तोंड पाण्यात बुडवून नुसते बुडबुडे काढायचे. नंतर पायरी धरून पाय मारायचे. त्यानंतर उताणे पडून, कान पाण्यात ठेवून तरंगायचे. हे साधले म्हणजे मग खोल पाणी. तेही कमरेला दोर बांधून, आणि दोराचे टोक वरच्या जाणत्या माणसाच्या हाती देऊन. उडी सगळ्यांत शेवटी. भोपळा मदतनीस आहे, राखणदार नव्हे. गाठ सुटते, कॅन निसटतो. आणि बरं का, बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. श्वासच घेता येत नाही, तर हाक कुठून येणार? म्हणून राखण करायची ती डोळ्यांनी, कानांनी नव्हे. त्या वेळी मोबाईल खिशातच राहू द्यावा.

आता नवा धडा. 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली आणि आपल्या कोरडवाहू मुलखात जागोजागी शेततळी झाली. पाण्याची सोय झाली हे खरेच. पण ज्या तळ्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो, त्याचे उतार ओले झाले, शेवाळले की पाय ठरत नाही. विहिरीला पायरी असते, कपार असते. इथे धरायला काहीच नाही. पट्टीचा पोहणाराही चढता चढता थकून बुडतो. म्हणून अशा तळ्यात पोहणे शिकवूच नये. तळ्याला कुंपण घालावे. चारही बाजूंना खुंट्या ठोकून गाठी मारलेले दोर पाण्यात सोडून ठेवावेत, आणि टायरची फुगवलेली ट्यूब हाताशी असावी. बागेच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही.

पोहता येणाऱ्या मुलाला आणखी एक गोष्ट शिकवा: मित्र बुडत असेल तर उडी मारू नकोस. बुडणारा मिठी मारतो आणि दोघेही जातात. दोर फेक, कॅन फेक, लांब काठी दे, मोठ्यांना हाक मार. बाहेर काढलेल्या मुलाला उलटे टांगू नये, पोट दाबू नये. त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास चालत नसेल तर नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्यावेत. मग छातीच्या मध्यभागी तीस दाब आणि दोन श्वास, हा क्रम चालू ठेवावा. दुसऱ्याने 108 ला फोन लावावा.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, एक शब्द तुमच्यासाठी. तरणतलाव नाही, मग शिकवायचे कसे, असे आपण म्हणतो. बांगलादेशात गावच्या तळ्यातच बांबूचा मचाण उभारून हजारो मुलांना पोहणे शिकवले गेले. तेव्हा अडचण तलावाची नाही. 2021 साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाने 25 जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस ठरवला. आपल्याकडे तो भर पावसाळ्यात, तळी भरण्याच्या दिवसांत येतो. त्या दिवशी शाळेच्या मैदानात पाण्याची एक रेघ आखा, दोर घ्या, आणि प्रत्येक मुलाकडून तो फेकवून घ्या. गावातली कोणती तळी उघडी आहेत याची यादी मुलांकडूनच करवून घ्या आणि ती ग्रामसभेपुढे ठेवा. उन्हाळ्यातल्या पोहण्याची तयारी तिथूनच सुरू होऊ द्या.