लाडू पहिल्यांदा वळताना

श्रोतेहो, ज्याने आयुष्यात कधी चहापलीकडे काही केले नाही अशा माणसाला एखाद्या दिवशी वाटते, आपण घरी लाडू करून पाहावेत. परगावी नोकरीला लागलेला एखादा मुलगा असेल, नुकताच संसार थाटलेले जोडपे असेल, किंवा ज्यांच्या घरचे लाडू वळणारे हात आता राहिले नाहीत असे साठीचे गृहस्थ असतील. आज मला बोलायचे आहे ते या नवशिक्यांशी. मी काही पाकशास्त्री नव्हे. कॉलेजात मराठी शिकवतो. पण शिकणाऱ्याचे पाऊल नेमके कुठे अडखळते हे पाहण्यातच माझी बरीच वर्षे गेली. तेवढ्याच अधिकारावर चार शब्द सांगतो.

उदाहरणाला आपण रव्याचे पाकातले लाडू घेऊ. सामान अगदी साधे. दोन वाट्या बारीक रवा, एक वाटी खवलेला ओला नारळ, दीड वाटी साखर, पाऊण वाटी पाणी, तीन-चार चमचे साजूक तूप, थोडी वेलदोड्याची पूड आणि बेदाणे. कुठल्याही पुस्तकात कृती अर्ध्या पानात मावते. रवा तुपावर भाजावा, नारळ घालून परतावा, एकतारी पाक करून त्यात रवा घालावा, मुरल्यावर लाडू वळावेत. वाचायला अर्धा मिनिट पुरे. पण या अर्ध्या मिनिटात ‘एकतारी’ आणि ‘मुरल्यावर’ असे दोन शब्द आहेत, आणि नवशिक्याचे लाडू बिघडतात ते बहुधा या दोन शब्दांपाशीच.

पाकक्रियेची मराठी पुस्तके काही आजची नाहीत. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० साली आले. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाली आणि वाटी-चमच्याच्या घरगुती मापांमुळे नवख्यांना मोठा आधार झाली. पण वाटीने साखर मोजता येते, पाक मोजता येत नाही. तो डोळ्यांनी आणि बोटांनीच ओळखावा लागतो. म्हणून त्यात नेमके काय घडते ते आधी समजून घ्या.

पाणी शंभर अंश सेल्सिअसला उकळते. त्यात साखर विरघळलेली असली की उकळायला अधिक उष्णता लागते. पाक उकळत राहतो तसतसे पाणी वाफ होऊन जाते, साखर तेवढीच राहते, आणि पाक दाट होत जातो. एकशेपाच अंशांच्या आसपास एक वेळ अशी येते की थेंब अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून बोटे हलकेच विलग केली तर एक बारीक तार निघते. हाच एकतारी पाक. तार निघाली नाही तर पाणी अजून जास्त आहे. भराभर दोन-तीन तारा येऊ लागल्या तर पाणी फार गेले.

आता हे करायचे कसे? साखर आणि पाणी एकत्र करून मंद आचेवर ठेवा आणि साखर पुरती विरघळेपर्यंत हलवा. एकदा उकळी आली की मग ढवळत बसू नका. ढवळल्याने साखरेचे खडे परत धरू लागतात. लिंबाच्या रसाचे चार-पाच थेंब घातले तर हा धोका कमी होतो, कारण आंबटपणामुळे थोडी साखर फुटून तिचे घटक वेगळे होतात आणि खडा धरण्यात अडथळा आणतात. उकळी फुटल्यावर दर अर्ध्या मिनिटाने एक थेंब बशीत घ्या, क्षणभर निवू द्या, आणि मगच बोटात धरून पाहा. पातेल्यात बोट घालण्याचे धाडस करू नका. हा पाक उकळत्या पाण्याहूनही जास्त पोळतो. तार दिसताच पातेले खाली उतरवा. गॅस नुसता बंद करून पातेले तसेच ठेवले तर तापलेल्या शेगडीवर पाक आणखी पुढे जातो.

रवा त्याच्या आधीच भाजून तयार हवा. आच मंद, हात सतत फिरता, आणि वेळ पंधरा-वीस मिनिटे. रंग किंचित गुलाबी झाला, खमंग वास सुटला, रवा हाताला हलका लागू लागला, की नारळ घालून आणखी चार-पाच मिनिटे परता. हे झाल्यावरच पाकाला लागा, कारण पाक कोणासाठी थांबत नाही.

यानंतर येते ती खरी परीक्षा. पाकात रवा घातला की मिश्रण सैल, जवळजवळ शिऱ्यासारखे दिसते. नवशिक्याच्या पोटात इथेच गोळा येतो. फसले, असे वाटून तो वरून आणखी रवा घालतो, किंवा पातेले पुन्हा शेगडीवर चढवतो. तसे करू नका. झाकण ठेवा आणि दीड-दोन तास वाट पाहा. मधूनमधून एकदा हलवा. रव्याचा कण न् कण पाक शोषून घेतो, मिश्रण निवता निवता साखर बारीक धरू लागते, आणि सैल दिसणारा तो गोळा आपोआप वळण्याजोगा होतो. यालाच मुरणे म्हणतात.

आणि तरीही बिघडले तर? दोन तासांनीही सैलच असेल तर पाक कच्चा राहिला. आता मात्र मिश्रण मंद आचेवर थोडे परतून घ्या. कोरडे होऊन भगराळले तर पाक पुढे गेला. गरम दुधाचा हबका द्या, झाकून ठेवा, आणि मग वळा. दूध घातलेले लाडू लवकर संपवा, एवढेच. रव्याचे लाडू सहसा फेकून द्यावे लागत नाहीत. म्हणून पहिल्या खेपेला हे लाडू तुम्ही करावेत असे मी सुचवतो.

मात्र एक विनंती घरातल्या इतर मंडळींना आहे. पहिल्या लाडवाला कोणी दगड म्हणते, कोणी फोडायला बत्ता मागते. थट्टा गमतीचीच असते, पण माझा अनुभव असा आहे की वर्गात पहिल्या उत्तराला हसे झालेला मुलगा पुढे वर्षभर हात वर करीत नाही. स्वयंपाकघरातही तेच होते, आणि मुलगा किंवा पुरुष असेल तर जास्तच. आपले काम नव्हे ते, असे म्हणून तो बाजूला होतो, आणि घरातली एक विद्या एका माणसाने कमी होते.

आणि तुम्हाला, म्हणजे शिकणाऱ्यांना, शेवटचे सांगणे. तुमच्या घरी आई, आजी, आत्या, मावशी, कोणी लाडू करणारी वडीलधारी असेल तर पुढच्या खेपेला तिच्या शेजारी बसा. ती म्हणेल, ‘अंदाजाने घालते रे.’ तिने मुठीने घेतलेला रवा पातेल्यात पडण्याआधी वाटीने मोजा. पाकाचा थेंब तिच्या बोटात असताना तुमचेही बोट पुढे करा. तारीख घालून सारे वहीत उतरवा. मोबाइलवर कृती शेकडो मिळतील, पण तुमच्या घरच्या लाडवाची चव त्यांत नसेल. ती त्या मुठीत आहे, आणि ती मूठ आहे तोवरच ती मोजून घेता येईल. इतके सांगून मी आपली रजा घेतो.